मोदकाची पारी फाटते? उकडीआधी पिठी तपासा

आधी तक्रार नेमकी काय आहे ते बघा. ‘मोदक फसले’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. वळताना फसले, वाफेत फसले की पानात वाढेपर्यंत फसले, यावर पुढचं सगळं ठरतं. मी दर वर्षी ऑर्डरीचे मोदक करते, त्यांची पिठीही स्वतःच तयार करून घेते. त्यामुळे आपल्याबरोबर दुसऱ्यांच्या बिघडलेल्या उकडीही हाताखालून जातात. तक्रारी फिरून फिरून याच येतात:

- पारी करताना कडा फाटतात, कळ्या पाडताना चिरतात.
- वळताना छान, पण वाफवून काढले की तडे.
- वाफेत मोदक बसतो, कळ्या एकमेकींत मिसळतात, बुड चाळणीला चिकटतं.
- गरम असताना लोण्यासारखा, जेवणं होईपर्यंत रबर, संध्याकाळी दगड.
- दाताखाली रवाळ लागतं.
- रंग मळकट, किंवा वास: खवट, कुबट, नाहीतर किड्यांचा उग्र.

यांतलं काहीही झालं की आपल्याकडे पहिला दोष करणारीच्या हाताला. माझं मत स्पष्ट आहे: हात सुधारायला वर्षं लागतात, पिठी तपासायला पाच मिनिटं, आणि गुन्हेगार बहुतेक वेळा पिठीच निघते. तांदूळ कुठला, किती जुना, कसा धुतला, कसा वाळवला, कुठल्या चक्कीवर कशानंतर दळला आणि डब्यात किती दिवस राहिला, हा सगळा इतिहास पारीत उमटतो.

तपासण्या सुरू करण्याआधी एवढंच ध्यानात ठेवा. गव्हाच्या कणकेला चिवटपणा ग्लुटेनमुळे येतो. तांदळात ग्लुटेन नाही, म्हणून उकड धरून ठेवायला शिजलेल्या स्टार्चशिवाय दुसरं काही नाही. हा स्टार्च दोन प्रकारचा: अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोपेक्टिनने चिकटपणा आणि मऊपणा येतो, अमायलोजने आकार टिकतो. पण अमायलोज जास्त झालं तर गार होताच पारी कडक होते. आसामचा बोरा, थायलंड-लाओसमधला किंवा जपानी मोचीचा जो खरा चिकट तांदूळ, त्यात अमायलोज जेमतेम ० ते २ टक्के असतं. मोकळ्या भाताच्या वाणांत ते २५ टक्क्यांच्या वर जातं. मोदकाला लागणारा तांदूळ या दोन टोकांच्या मध्ये, पण चिकटाच्या बाजूला झुकलेला हवा.

फुकटची तपासणी: पाणी आणि उकळी

पिठीवर आळ घेण्याआधी उकड नीट झाली होती का ते बघा. तांदळाचा स्टार्च वाणानुसार साधारण ५५ ते ७९ अंश सेल्सियसमध्ये फुलतो. वाटीभर उकळत्या पाण्यात वाटीभर पिठी पडली की मिश्रणाचं तापमान लगेच दहा-पंधरा अंशांनी उतरतं. पाण्याला खळखळून उकळी असेल तर तरीही स्टार्च शिजायला पुरेशी ऊब उरते. नुसते बुडबुडे दिसू लागताच पिठी टाकली तर अर्धी कच्ची राहते आणि कच्ची पिठी कशालाच धरून राहत नाही. फ्रीजमधून काढलेली गार पिठी तशीच टाकली तरी हेच होतं. ती आधी ताटात पसरून घरच्या हवेवर येऊ द्या.

म्हणून पाण्याला मीठ आणि चमचाभर तूप घालून पूर्ण उकळी, मग आच मंद, पिठी एकदम, उलथण्याच्या दांड्याने भराभर ढवळणं, झाकण, दोन-तीन मिनिटं वाफ, गॅस बंद करून आणखी पाच मिनिटं झाकलेलीच. नंतर परातीत काढून गरम असतानाच तेला-पाण्याच्या हाताने मळायची. हात पोळतो म्हणून गार होण्याची वाट बघू नका. वाटीच्या बुडाने रगडायला सुरुवात करा.

आता परीक्षा. सुपारीएवढी गोळी घ्या, तळहातावर गुळगुळीत करा आणि अंगठ्याने दाबून चपटी करा. कड अखंड राहिली तर उकड तयार. कडेला बारीक चिरा पडल्या तर गरम पाण्याचा हबका मारून पुन्हा मळा आणि पुन्हा दाबून बघा. चिरा गेल्या, म्हणजे फक्त पाणी कमी होतं, प्रकरण इथेच मिटलं. पण गोळी हाताला चिकटायला लागली आणि तरीही कड फाटतेच आहे, तर पाणी वाढवणं तिथेच थांबवा. पाणी पुरेसं आहे, पिठी ते धरत नाही. पुढच्या तपासण्या अशाच पिठीसाठी आहेत.

वळताना चांगले आणि वाफेत तडकणारे मोदक मात्र पुष्कळदा पिठीचे नसतातच. झाकून न ठेवलेल्या गोळ्यांवर पापुद्रा धरलेला असतो, सारण ओलं राहिलेलं असतं, नाहीतर मोदक पंधरा-वीस मिनिटं धबाधबा वाफवलेले असतात. मध्यम आकाराच्या मोदकाला दहा-बारा मिनिटं पुरतात. ओलं फडकं झाकून बघा, सारण कोरडं करून बघा. तरी तडा गेला तर पुढे वाचा.

नाक, बोटं आणि पाण्याचा ग्लास

पिठी कोरडी हुंगून फारसं कळत नाही. वाटीत चमचाभर पिठी घ्या, वर कडकडीत पाणी ओता आणि येणारी वाफ हुंगा. वास वाफेबरोबर वर येतो. चांगल्या पिठीला पेजेचा वास येतो.

खवट वास आला तर कोंड्यातलं तेल उतरलं आहे. तांदळाच्या दाण्यात तेल मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असतं. दळल्यावर ते हवेला उघडं पडतं आणि त्याचं विघटन वेगाने होतं. हातसडीच्या किंवा कमी पॉलिशच्या तांदळाची पिठी म्हणूनच लवकर खवटते. शिवाय कोंड्याचे कण उकडीत मध्येमध्ये येतात आणि पारी तिथेच चिरते. हातसडीचा तांदूळ भाताला घ्या, पौष्टिक आहे, पण मोदकाच्या पिठीला नको.

वास खवट नसून उग्र, औषधासारखा असेल तर पिठीत लाल-तपकिरी बारीक किडे होऊन गेले आहेत. चाळून किडे निघतात, त्यांनी सोडलेला वास निघत नाही. ती पिठी टाकून द्या. कुबट वासाचं पुढे स्वतंत्र सांगते, कारण तो विषय वेगळा आहे.

मग जाडी. चिमूटभर पिठी अंगठा आणि तर्जनीत चोळा. टाल्कम पावडरसारखी सरकली पाहिजे. खात्री हवी असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर पिठी ढवळा. बारीक पिठी पाणी बराच वेळ दुधाळ ठेवते, जाड कण मोजके सेकंद फिरून तळाशी बसतात. बोट घालून तळ चाचपा, रवा लागला तर तुमच्या कचकचीचं कारण सापडलं. जाड कणाच्या मधोमध पाणी पोचायला वेळ लागतो, उकडीच्या दोन-तीन मिनिटांत तो आतून कच्चाच राहतो आणि पारीत प्रत्येक कच्चा कण म्हणजे चीर पडायची जागा. उपाय स्वस्त आहे: मैद्याच्या चाळणीने, जमल्यास वस्त्रगाळ. वर उरलेला रवा घावनात किंवा धिरड्यात घालून टाका.

तांदूळ कुठला ते पाकिटाला विचारू नका

नवीन तांदूळ दळायला देण्याआधी मी एकच चाचणी करते आणि ती कधीच सोडत नाही. मूठभर तांदळाचा नेहमीसारखा भात लावायचा, वाटीत काढायचा आणि तीन तास झाकून ठेवायचा. फ्रीजमध्ये नाही, ओट्यावर. तीन तासांनी बोटांनी दाबा. शितं एकमेकांना धरून असतील आणि चिमटीत मऊ लागत असतील तर त्याची पारी संध्याकाळपर्यंत मऊ राहील. शितं सुटी, टणक झाली असतील तर तो तांदूळ मसालेभाताला ठेवा. जास्त अमायलोजचा स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बांधला जातो. तुमच्या ‘संध्याकाळी दगड’ या तक्रारीत हेच घडत असतं, फक्त मोदकात ते सारणाआड लपलेलं असतं.

नावावर विसंबू नका म्हणते त्याला कारण आहे. आंबेमोहर मोदकाला उत्तम, वासही त्याचाच. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकनही आहे. पण उत्पादन थोडं आणि मागणी मोठी, त्यामुळे त्याच्यासारखा दिसणारा दुसराच बारीक तांदूळ त्याच नावाने सर्रास विकला जातो. इंद्रायणी सहज मिळतो आणि चिकटही होतो. तो वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झालेला वाण, आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेला. कोल्हापूरकडे आजरा घनसाळ वापरतात, तोही वासाचा. नुसत्या बासमतीची पिठी वासाला सुंदर, वळायला हट्टी. मी इंद्रायणीत वासापुरती बासमती कणी घालते, साधारण चाराला एक. आणि उकडा तांदूळ, म्हणजे कोकण-गोव्यात पेजेला लागतो तो, मोदकाला अजिबात नको. तो सालासकट, भाताच्या रूपातच वाफवून वाळवलेला असतो. त्याचा स्टार्च एकदा शिजून पुन्हा बसलेला असल्यामुळे त्याची पिठी पाणी पिते, पण तशी बांधत नाही.

जुना की नवा: दुकानदार आणि मोदक यांचं इथे जमत नाही

दुकानदार कौतुकाने सांगतो, “ताई, वर्षाचा जुना आहे, एकेक शीत मोकळं होईल.” भातासाठी हे खरंच कौतुक आहे. मोदकासाठी तोच धोक्याचा इशारा.

साठवणीत तांदूळ नुसता पडून नसतो. काढणीनंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतच फरक जाणवू लागतो. दाण्यातली प्रथिनं एकमेकांशी घट्ट जोडली जातात, तेलाचं विघटन होऊन सुटलेली आम्लं अमायलोजला जाऊन बिलगतात. परिणाम असा की दाणा पाणी जास्त पितो, फुगतो जास्त, पण चिकट कमी होतो. सुवासिक वाणाचा वासही उडत जातो. हे सगळं उकाड्यात भरभर होतं, थंडीत हळू.

आता पंचांग आठवा. आपलं खरिपाचं भात कापलं जातं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. गणपती येतात भाद्रपदात. म्हणजे ‘नवा तांदूळ’ म्हणून सप्टेंबरात घरी आणलेला तांदूळही दहा-अकरा महिन्यांचा असतो आणि मधला अख्खा उन्हाळा त्याने पोत्यात काढलेला असतो. माघी गणपतीला मोदक विनातक्रार होतात आणि भाद्रपदात त्याच घरात, त्याच हाताने फाटतात, याचं कोडं बऱ्याच जणींना पडतं. मला विचाराल तर फरक तांदळाच्या वयाचा आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या भाताचं, पीक उन्हाळ्याच्या तोंडी निघतं, तो तांदूळ गणपतीला तुलनेने ताजा असतो. पण बरेचदा वाण जाडा आणि तांदूळ उकडा, त्यामुळे विचारून घ्या.

उपाय दोन. पहिला, जानेवारी-फेब्रुवारीत पाच-सहा किलो इंद्रायणी किंवा आंबेमोहर घेऊन हवाबंद पिशव्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवणं. जागा अडते, घरच्यांची कुरकुर ऐकावी लागते, पण थंडीत तांदळाचं वय वाढणं मंदावतं आणि कीडही होत नाही. दुसरा, तांदूळ जुनाच असेल तर पाणी वाढवा: वाटीला सव्वा वाटीपर्यंत आणि वाफेला दोन मिनिटं जास्त. उलट खरोखर नव्या तांदळाच्या पिठीला वाटीला दोन चमचे पाणी कमी लागतं. हिवाळ्यात नव्या पिठीचे मोदक कधी वाफेत बसलेच तर ते गणपतीतल्या मापानेच पाणी घातल्यामुळे.

धुणं, वाळवणं आणि पोखरलेले दाणे

तांदूळ धुताना वर तरंगणाऱ्या दाण्यांकडे बघा. चार-दोन असणं ठीक. मूठभर तरंगत असतील तर आतून पोखरलेत. सोंडकिडा, ज्याला आपण टोके म्हणतो, तो अंडी दाण्याच्या आतच घालतो, म्हणून निवडून, चाळून स्वच्छ दिसणाऱ्या तांदळातून महिन्याभराने पुन्हा टोके निघतात. असा तांदूळ दळला की आतल्या अळ्यांचंही पीठ होतं. घरापुरता तांदूळ आणल्या आणल्या आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवला तर अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी उघडू नका. आधी घरच्या हवेवर येऊ द्या, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं.

किडीसाठी बोरिक पावडर चोळलेला तांदूळ पिठीला वापरू नका, धुऊनसुद्धा नको. ती खाण्यात जायची वस्तू नाही. एरंडेल चोळलेला चालेल, पण चार पाण्यांनी धुवा, नाहीतर वास मोदकापर्यंत येतो.

वाळवायचा सावलीत, सुती कापडावर, पंख्याखाली. श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत एक दिवस पुरेल असं धरून चालू नका. दाणा दाताखाली धरा: कट् करून तुटला तर वाळला, नुसता दबला तर अजून ओल आहे. ओला तांदूळ चक्कीवाला घेत नाही, दगडाला लपेटा बसतो म्हणून; आणि घेतला तरी अशी पिठी डब्यात आंबते. दाट थर देऊन दोन-तीन दिवस ओलसर राहिलेला तांदूळही आंबूस होतो, म्हणून थर पातळ द्या आणि अधूनमधून हात फिरवा.

ओल दरवेळी शत्रूच असते असं मात्र नाही. अनारशांसाठी आपण तांदूळ तीन दिवस भिजवतो आणि फडक्यावर जेमतेम कोरडा करून दमटच कुटतो. त्यामागे पक्कं तंत्र आहे. भिजलेला दाणा मऊ असतो, सहज फुटतो, स्टार्चचे कण अखंड राहतात आणि पीठ बारीक उतरतं. कोरडा कडक दाणा जोराने दळला की कण चेचले जातात, चेचलेले कण गार पाण्यातही पाणी ओढतात आणि उकड एका ठिकाणी गिच्च, दुसऱ्या ठिकाणी कोरडी होते. म्हणून एकवीस मोदकांपुरती पिठी हवी असेल तर चक्कीचा नादच नको. तांदूळ तासभर भिजवा, निथळा, फडक्यावर पाऊण तास पसरा. हाताला ओल जाणवेल पण पाणी लागणार नाही, इतपत झाला की मिक्सरमध्ये थोडा थोडा वाटून चाळा. त्याच दिवशी वापरा आणि उकडीचं पाणी पाव वाटीने कमी करा, कारण पिठीत ते आधीच आहे. घरच्या घरी मिळणारी सगळ्यांत मऊ पारी या पिठीची.

चक्की

चक्कीवाल्याला सांगायचं वाक्य एकच: “तांदळावर तांदूळ.” आधी बाजरी दळली असेल तर पिठी करडी, गहू दळला असेल तर पिवळट, डाळ दळली असेल तर वासच सांगतो. ग्लुटेन न चालणाऱ्या माणसाला मोदक द्यायचे असतील तर हा फक्त रंगाचा प्रश्न राहत नाही. आपल्या तांदळाची पहिली अर्धा-पाऊण किलो पिठी वेगळ्या पिशवीत घ्या आणि भाकरीला वापरा.

पिठी हातात घेऊन बघा. कोमट असणारच. पण पिशवीला हात लावल्यावर चटका बसत असेल, तर दगड बोथट झालेत किंवा फारच घट्ट लावलेत. अशी पिठी तापलेली आणि चेचलेली असते. घरी आणल्यावर वर्तमानपत्रावर नको, कापडावर पसरून पूर्ण गार करा. गरम पिठी डब्यात भरून झाकण लावलं की आतून घाम धरतो, तो थेंब थेंब वरच्या थरावर पडतो आणि आठवड्याने तिथे गोळे सापडतात. मूठ वळून बघा: पिठीचा लाडू झाला आणि टिचकीने फुटला नाही तर डबा बंद करू नका.

साध्या डब्यात, पावसाळ्यात, पिठी मी दोन आठवड्यांवर ठेवत नाही. फ्रीजमध्ये हवाबंद दोन-तीन महिने सहज राहते. तांदूळ राखावा, पिठी लागेल तशी करावी, हा जुना हिशेब अजून मोडलेला नाही.

चिकट तांदळाची पिठी मिसळताना

तांदूळ, वय, दळण सगळं तपासून झालं आणि तरी पिठी धरत नसेल, किंवा विकतच्या पाकिटाशिवाय गत्यंतर नसेल, तेव्हाच हा उपाय. वाटीभर साध्या पिठीत एक ते दीड मोठा चमचा चिकट तांदळाची पिठी. एवढ्याने कडा फाटणं थांबतं आणि मोदक जास्त वेळ मऊ राहतो. काही घरांत दळणातच मूठभर साबुदाणा घालतात, कामाचा तोही.

जास्त घातली तर मात्र उलटं होतं. परदेशातल्या बहिणी-भाच्या फोटो पाठवतात, त्यांत मोदकाऐवजी चपटी, चकचकीत वडी दिसते. आशियाई दुकानातून ‘तांदळाचं पीठ’ म्हणून त्यांनी पूर्ण चिकट पिठीच आणलेली असते. अमायलोज जवळजवळ नसल्यामुळे वाफेत आकार धरायला काहीच उरत नाही. पाकिटावरची लिपी वाचता येत नसेल तर औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन घ्या. चिमूटभर पिठी गरम पाण्यात शिजवून गार करा आणि एक थेंब टाका. निळं-काळं झालं तर साधी पिठी, लालसर-तपकिरी झालं तर चिकट. चाचणी झालेली वाटी ओतून द्या, खाऊ नका.

जपानी माल मिळत असेल तर मोचिको आणि शिरातामाको ही दोन्ही पिठं चिकट तांदळाची. जोशिनको हे साध्या आखूड दाण्याच्या तांदळाचं. मोदकाला जोशिनको घ्या, इंद्रायणीच्या पिठीला सगळ्यांत जवळचं तेच आहे. तेही नाही मिळालं तर सुशीचा तांदूळ आणून वर सांगितल्याप्रमाणे भिजवून मिक्सरमध्ये वाटा.

झालेले मोदक कडक होतात तेव्हा

तांदळाला मानवणारी थंडी शिजलेल्या मोदकाला मानवत नाही. फ्रीजच्या ४ अंशांत शिजलेला स्टार्च सगळ्यांत वेगाने घट्ट होतो. दुपारचे मोदक संध्याकाळी खायचे असतील तर गार झाल्यावर हळदीच्या पानात गुंडाळून झाकून बाहेरच ठेवा आणि खाण्याआधी पाच मिनिटं वाफ द्या. मऊपणा बराचसा परत येतो. दुसऱ्या दिवसापर्यंत मात्र बाहेर ठेवू नका, ओल्या नारळाचं सारण दमट हवेत उतरतं. तेव्हा फ्रीज गाठावाच लागतो, मग वाफ दहा मिनिटं. जास्त दिवसांसाठी फ्रीझर बरा, कारण पूर्ण गोठलेल्या मोदकात हा बदल जवळपास थांबतो. गोठलेला मोदक न वितळवता थेट मोदकपात्रात ठेवा.

इथे थांबा

कुबट वास, हिरवट-काळे ठिपके, गोळे झालेल्या पिठीत धाग्यासारखी वाढ: ही बुरशी. धुऊन, उन्हात टाकून, भाजून, उकडून ती पिठी वाचवायचा प्रयत्न करू नका. काही बुरशींची विषं, अफ्लाटॉक्सिनसारखी, शिजवण्याच्या तापमानाला नाहीशी होत नाहीत. गुरांनाही घालू नका. पोतंच्या पोतं असं निघालं तर दुकानदाराला परत करा. साठवण तुमची असेल तर आधी भिंतीची ओल बघणाऱ्याला बोलवा, नवा तांदूळ नंतर आणा.

कोठीतल्या अनेक पोत्यांना कीड लागली असेल तर धुरी देण्याच्या गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, घरात आणू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसं मारतो, शेजारच्या खोलीतलीसुद्धा. हे परवानाधारक कीडनियंत्रकाचं काम आहे. तोवर ती पोती घराबाहेर कोरड्या जागी.

चक्कीचे दगड बोथट असतील तर टाकी लावायला, म्हणजे ते पुन्हा खरबरीत करायला, कारागीरच लागतो. चक्कीवाल्याला स्पष्ट सांगा, तो टाळत असेल तर चक्की बदला. घरघंटीतून जळका वास आला, आवाज बदलला किंवा पिठी एकाएकी जाड यायला लागली तर प्लग काढा आणि मेकॅनिकला फोन करा. जाळी बदलण्यापलीकडे आत हात घालू नका.

स्वतःच्या शेतातलं भात गिरणीत दिल्यावर अर्धी कणीच पडत असेल, तर भात जास्त वाळलं आहे, कमी वाळलं आहे किंवा रोलर घट्ट आहेत. ओलावा मोजायचं यंत्र बऱ्याच गिरणीवाल्यांकडे असतं, त्यांना भात भरडण्याआधी मोजायला सांगा. १४ टक्क्यांच्या आसपास ठीक. पडलेली कणी पिठीला चालते, फक्त आधी संपवा, फुटलेला दाणा अख्ख्यापेक्षा लवकर खवटतो.

पिठी विकत असाल आणि गिऱ्हाइकांकडून त्याच त्या तक्रारी येत असतील तर घरगुती चाचण्यांवर थांबू नका. नमुना अन्न-तपासणी प्रयोगशाळेत द्या, ओलावा आणि आम्लता दोन्ही मोजून घ्या. अहवाल येईपर्यंत त्या दळणाची पाकिटं बाजूला काढून ठेवा.